विजेता ठरवायचा कोणी?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) निवड समितीने ७ डिसेंबर २०२५ च्या रविवारी प्लेऑफचे, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीचे, बारा संघ जाहीर केले. मायामी आत आले, नोटर डेम बाहेर राहिले. दोघांच्याही खात्यात दहा विजय आणि दोन पराभव होते. नोव्हेंबरभर हीच समिती नोटर डेमला मायामीच्या वर ठेवत होती. शेवटच्या यादीत मात्र तिने ऑगस्टअखेरच्या त्यांच्या आपसातल्या सामन्याला वजन दिले. तो सामना मायामीने २७-२४ असा जिंकला होता. चिडलेल्या नोटर डेमने मग कुठलाच बाऊल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा खास निमंत्रणाचा सामना, खेळणार नाही असे कळवून टाकले. इकडे मायामी एकेक सामना जिंकत थेट अंतिम फेरीत पोचले आणि तिथे इंडियानाकडून २७-२१ असे हरले. म्हणजे समितीचे बरोबर होते का? नोटर डेमवाल्यांना विचाराल तर नाही. आम्हीही पोचलो असतो, असे ते म्हणतील, आणि ते खोडून काढायला कुणापाशी काही नाही.

या खेळाची गंमत आणि गोची एकच. राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरवायची सोय त्यात मुळात नव्हतीच. वरच्या श्रेणीत १३० हून जास्त विद्यापीठांचे संघ, प्रत्येकाला हंगामात साधारण बारा सामने, तेही बहुतेक आपल्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे गटातल्या, संघांशी. ओरेगनमधल्या अपराजित संघाची आणि जॉर्जियातल्या अपराजित संघाची गाठ पडण्याचे काही कारणच नाही. मग कोण मोठा, हे ठरवायचे वादातून. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात केस पिकलेले माजी विद्यार्थीही आपल्या कॉलेजसाठी घसा बसेपर्यंत ओरडतात, ती ईर्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेड समजावून सांगावे लागत नाही. फक्त आकार वेगळा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ते भरते. एमएस करायला तिकडे गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच सप्टेंबरात कळते की घरच्या सामन्याच्या शनिवारी गावात गाडी लावायला जागा मिळणार नाही.

पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ चा. न्यू जर्सीतल्या रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले. खेळ तेव्हा आजच्यापेक्षा सॉकरच्या जास्त जवळचा होता. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी नियम घडवले, मैदानावर मुले मरू लागली तेव्हा १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांना बोलावून घेतले, १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि त्याच धामधुमीतून आजची एनसीएए ही कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी संस्था निघाली. विजेता ठरवणे हे तिचे काम नव्हतेच. आजही या वरच्या श्रेणीच्या फुटबॉलचे विजेतेपद एनसीएए देत नाही.

ती पोकळी आधी भरली पर्यटनाने. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराला ऐन जानेवारीतले ऊन आणि फुले देशाला दाखवायची होती, म्हणून तिथल्या गुलाबोत्सवाला जोडून १९०२ मध्ये एक सामना भरवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे लोळवले, स्टॅनफर्डने वेळ संपण्याआधीच मैदान सोडले. आयोजक असे हिरमुसले की पुढची काही वर्षे फुटबॉलऐवजी रथांच्या शर्यती झाल्या. १९१६ मध्ये फुटबॉल परतला आणि तोच रोझ बाऊल. मायामीचा ऑरेंज बाऊल आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाऊल १९३५ मध्ये सुरू झाले, टेक्सासचा कॉटन बाऊल १९३७ मध्ये. हॉटेले भरावीत, शहराचे नाव व्हावे, एवढाच हेतू. आज ज्यांना पवित्र परंपरा म्हटले जाते त्या अशा गावच्या जाहिराती होत्या, हे चाहते सोयीस्करपणे विसरतात. तरी ऐंशी-नव्वद वर्षे लोक एखादी जाहिरात जिवापाड जपत असतील तर तिची परंपरा झाली हेही मानायला हवे.

बाऊलांचे करार ठरलेले. १९४७ पासून रोझ बाऊलमध्ये बिग टेन कॉन्फरन्सचा आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सचा विजेता खेळायचा, मग देशातला खरा तगडा प्रतिस्पर्धी फ्लोरिडात असो की नेब्रास्कात. त्यामुळे पहिला क्रमांक दिला तो पत्रकारांनी, १९३६ पासून एपी वृत्तसंस्थेच्या मतदानातून. १९५० पासून प्रशिक्षकही वेगळे मतदान करू लागले, आणि त्यात आपल्याच संघाला मत द्यायला काही आडकाठी नव्हती! शिवाय बरीच वर्षे अंतिम मत बाऊल सामन्यांच्या आधीच पडायचे. १९७३ मध्ये प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेते ठरवले आणि त्यानंतर अलाबामा नोटर डेमकडून शुगर बाऊलमध्ये २४-२३ असे हरले. मुकुट राहिला, अब्रू गेली. १९८४ मध्ये युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने सगळे तेरा सामने जिंकले, पण त्यांचा शेवटचा प्रतिस्पर्धी होता सहा विजय आणि पाच पराभव घेऊन आलेला मिशिगनचा संघ. विजेतेपद मिळाले. ते खरे की लुटुपुटुचे, यावर आजही दोन म्हाताऱ्या चाहत्यांना तासभर भांडता येते.

त्याच १९८४ सालात या कहाणीला खरी कलाटणी मिळाली, आणि ती मैदानावर नव्हे. टीव्हीवर कोणाचे किती सामने दाखवायचे हे तोवर एनसीएए ठरवत असे. सगळ्यांना थोडेथोडे वाटून. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठे त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये ७-२ अशा बहुमताने ही मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे गाजलेले खेळाडू. पैशाच्या मागे लागून विद्यापीठे खेळाचे शैक्षणिक रूप घालवून बसतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. निकालानंतर सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आणि लवकरच कॉन्फरन्सांकडे गेला. मग ज्या कॉन्फरन्सकडे मोठी शहरे आणि मोठे संघ, तिचा भाव मोठा. १९९२ मध्ये दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्सने बारा संघ करून स्वतःचा अंतिम सामना सुरू केला; १९९६ मध्ये टेक्सासची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स बंद पडली. प्लेऑफने परंपरा खाल्ली अशी आज ओरड होते. माझ्या मते प्लेऑफ बराच नंतर जेवायला बसला. ताट १९८४ लाच वाढले गेले होते.

१९९० आणि १९९१, लागोपाठ दोन वर्षे दोन मतदानांत दोन वेगळे विजेते निघाले. १९९७ मध्ये पुन्हा तेच, मिशिगन आणि नेब्रास्का. तेव्हा १९९८ पासून बीसीएस ही पद्धत आली. मतदान आणि संगणकांची आकडेमोड एकत्र करून पहिले दोन काढायचे आणि त्यांची गाठ घालून द्यायची. वाद मिटावा म्हणून आलेल्या या यंत्राने वादाला नवे इंधनच दिले. २००३ मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, संघ बीसीएसच्या गणितात तिसरा आला आणि अंतिम सामन्याबाहेर राहिला. पुढच्या वर्षी ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर. त्यानंतर एपीने आपली मते या गणितातून काढूनच घेतली. शेवटचा घाव २०११ च्या हंगामाचा. एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, नोव्हेंबरात अलाबामाला हरवले होते, तरी अंतिम सामना याच दोघांत लावला गेला, आणि तो अलाबामाने २१-० असा जिंकला. दोन्ही संघ एसईसीचे. उरलेल्या देशाने काय फक्त बघत बसायचे? वर्षभरात चार संघांचा प्लेऑफ मंजूर झाला.

२०१४ पासून संगणक गेले, तेरा माणसांची समिती आली. वाद दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरून चौथ्या-पाचव्यावर सरकला. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० होते, कॉन्फरन्सचे विजेतेपद जिंकलेले. पण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला होता, आणि त्याच्याविना हा संघ तोच राहिला नाही, असे म्हणत समितीने एक पराभव असलेल्या अलाबामाला आत घेतले. जिंकलेले सामने मोजायचे की पुढे कोण जिंकेल याचा अंदाज बांधायचा, हा प्रश्न इतका उघडा कधी पडला नव्हता.

२०२४ मध्ये बारा संघ झाले. पहिली फेरी विद्यापीठांच्या आवारातच, आणि ही या बदलातली सर्वांत सुंदर गोष्ट. डिसेंबरातल्या गोठवणाऱ्या रात्री इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये नोटर डेम विरुद्ध इंडियाना, त्याच राज्यातले दोन संघ. पण त्याच वर्षी दुसरी बाजूही दिसली. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ओहायो स्टेट आपल्या कट्टर वैऱ्याकडून, मिशिगनकडून, घरच्या मैदानावर १३-१० असे हरले. मिशिगनच्या पोरांनी मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला आणि धक्काबुक्की झाली. पूर्वी या पराभवाने हंगामावर पाणी पडले असते, प्रशिक्षकाच्या नोकरीवर टांगती तलवार आली असती. या वेळी मात्र २०२५ च्या जानेवारीत तेच ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेते झाले. बारा जागा झाल्या की एका शनिवारचे मरण-जगणे सैल होते. चाहत्यांच्या तक्रारींपैकी मला ही सर्वांत खरी वाटते.

त्याहून मोठे नुकसान शेजाऱ्यांचे झाले. टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीत जाणार हे २०२१ मध्ये कळले, यूएससी आणि यूसीएलए बिग टेनमध्ये जाणार हे २०२२ मध्ये. ऑगस्ट २०२३ मध्ये ओरेगन आणि वॉशिंग्टनही निघाले, आणि १९१५ चा वारसा सांगणारी पॅक-१२ कॉन्फरन्स काही दिवसांत कोसळली. प्रशांत महासागराजवळचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये जाऊन बसले. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांना कुणीच घेतले नाही. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची वर्षानुवर्षांची लढत २०२३ नंतर थांबली. उलट टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची २०११ मध्ये अशाच पांगापांगीने तुटलेली लढत २०२४ मध्ये परत आली, कारण दोघेही आता एसईसीत. तोडणारा हिशोब आणि जोडणारा हिशोब एकच होता.

खेळाडूंच्या पैशावरची चिडचिड मला तितकीशी पटत नाही. प्रशिक्षक कित्येक वर्षे कोट्यवधी डॉलर घेत होते, मुलांना शिष्यवृत्ती. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध ९-० असा कौल दिला, जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मोकळीक मिळाली, आणि त्याच सुमारास एक वर्ष न थांबता विद्यापीठ बदलायचीही. २०२५ मध्ये हाउस खटल्याच्या तडजोडीने विद्यापीठांनाच वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना वाटता येऊ लागली. पोरे निष्ठा विकतात म्हणणाऱ्यांनी प्रशिक्षक लेन किफिन यांच्याकडे पाहावे. ११-१ अशा कामगिरीचा ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा, संघ प्लेऑफच्या तोंडावर सोडून ते एलएसयूला गेले.

आणि याच मोकळ्या बाजाराशिवाय इंडियाना घडले नसते. देशात सर्वाधिक पराभव नावावर असलेल्या संघांपैकी ते एक. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी २०२४ च्या हंगामासाठी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले, काही खेळाडू सोबत घेऊन. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून आला आणि त्याने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक पटकावला. १ जानेवारी २०२६ ला रोझ बाऊलमध्ये, जो सामना इंडियाना त्याआधी फक्त १९६८ मध्ये खेळले होते, त्यांनी अलाबामाला ३८-३ असे हरवले. १६ पैकी १६ सामने जिंकून ते विजेते ठरले. निदान त्या एका नावावर कुणी वाद घालत नाही.

तळाचा वाद मात्र चालूच आहे. कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखलेल्या जागांमुळे २०२५ मध्ये टुलेन आणि जेम्स मॅडिसन आत आले आणि दोघेही पहिल्याच फेरीत हरले. नोटर डेमचा राग मात्र समितीवर आणि मायामीची बाजू उचलून धरणाऱ्या अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सवर होता. बिग टेनला आता २४ संघांचा प्लेऑफ हवा आहे, एसईसीचा कल १६ कडे आहे. तिकडे पॅक-१२ ची पाटी २०२६ च्या हंगामात पुन्हा लागते आहे. मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्या जोडीला आयडाहोतले बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट आणि प्रशांत किनाऱ्यापासून हजारभर मैलांवरचे टेक्सास स्टेटही त्यात आहे.