रटलंड: दोनदा वाचलेली, एकदा बुडालेली काउंटी

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या स्थानिक कारभाराच्या फेररचनेचा आराखडा मांडला. नव्या एकस्तरीय परिषदेमागे, म्हणजे स्थानिक कारभाराची सगळी कामं एकटीने पाहणाऱ्या परिषदेमागे, साधारण पाच लाख लोकवस्ती असावी, असं त्यात सुचवलं होतं. २०२१ च्या जनगणनेत रटलंड या काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) लोकसंख्या होती जेमतेम ४१ हजार. त्यामुळे विलीनीकरणाची चर्चा तिथे पुन्हा सुरू झाली आहे.

इंग्लंडच्या ऐतिहासिक काउंट्यांमधली ही सर्वांत लहान, सुमारे ३८० चौरस किलोमीटरची. लेस्टरशायर, लिंकनशायर आणि नॉर्थम्प्टनशायर यांच्या बेचक्यात बसलेली. शहरं म्हणावीत अशी दोनच, ओकम आणि अपिंगम. इथल्या केटन आणि क्लिप्शमच्या खाणींतला चुनखडक केंब्रिज-ऑक्सफर्डच्या इमारतींना लागला. ओकमच्या किल्ल्यातला बाराव्या शतकातला सभामंडप अजून उभा आहे. तिथे पहिल्यांदा येणाऱ्या उमरावाने घोड्याचा नाल द्यायचा, अशी जुनी रीत. दोनशेहून जास्त नाल भिंतींवर टांगलेले आहेत.

खरा वाद गेल्या साठ-पासष्ट वर्षांतला. १८८९ पासून रटलंडला स्वतःची काउंटी परिषद होती. १९६० च्या सुमारास एका आयोगाने ती लेस्टरशायरमध्ये मिळवण्याची शिफारस केली. स्थानिकांनी कडाडून विरोध केला आणि १९६३ मध्ये सरकारने माघार घेतली. पण १९७२ च्या कायद्यापुढे काही चाललं नाही. १ एप्रिल १९७४ ला रटलंड लेस्टरशायरमधला एक डिस्ट्रिक्ट, म्हणजे काउंटीखालचा छोटा विभाग, झालं. एवढ्याशा करदात्यांच्या बळावर शाळा, रस्ते आणि समाजसेवांचा खर्च कसा पेलणार, हा सरकारी युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. मात्र आपण कुठले म्हणवतो, याचंही माणसाला मोल असतं. ते त्या हिशेबात कुठेच धरलं नव्हतं.

नेमक्या त्याच वर्षांत ग्वॉश नदीचं खोरं पाण्याखाली जात होतं. पीटरबरो, नॉर्थम्प्टन, कॉर्बी अशा वाढत्या शहरांना पाणी हवं होतं. त्यासाठी १९७० मध्ये कायदा झाला आणि एम्पिंगमजवळ धरण बांधलं गेलं. नेदर हॅम्बल्टन गाव गेलं. नॉर्मंटनचं चर्च कसंबसं वाचलं: आतली जमीन उंच केली, भोवती भराव घातला. आज ते पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. काउंटीची जवळजवळ ३ टक्के जमीन या जलाशयाने घेतली. योजनेच्या कागदांवर तो एम्पिंगम जलाशय होता, पुढे त्याचं नाव रटलंड वॉटर झालं. काउंटी अस्तित्वात नसतानाच्या काळात तिचं नाव बाहेरच्यांच्या तोंडी राहिलं, त्याचं मोठं श्रेय मी या तळ्याला देईन. शिडाच्या होड्या, ट्राउटची मासेमारी, काठाने सायकल फेरी, यासाठी लोक येऊ लागले. १९९६ पासून स्कॉटलंडमधून ऑस्प्रे या मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्याची पिल्लं आणून सोडली आणि २००१ मध्ये त्या पक्ष्यांनी इथे वीण केली, तेव्हा पक्षीनिरीक्षकही वळले.

१ एप्रिल १९९७ ला रटलंड पुन्हा स्वतंत्र झालं, पण कायद्याच्या वळणवाटेने. डिस्ट्रिक्ट मोडला नाही. त्याच्याच हद्दीची वेगळी काउंटी ठरवली आणि डिस्ट्रिक्टच्या परिषदेला काउंटीचे अधिकार दिले. म्हणून तिचं औपचारिक नाव ‘रटलंड काउंटी कौन्सिल डिस्ट्रिक्ट कौन्सिल’ असं दुहेरी आहे. पोलीस आणि अग्निशमन लेस्टरशायरबरोबर सामाईकच राहिले. टपालाच्या पत्त्यांत रटलंड परतायला आणखी दहाएक वर्षं लागली.

आता लेस्टरशायरच्या काही भागाशी जोडावं की लिंकनशायरच्या बाजूला, असे दोन्ही पर्याय बोलले गेले आहेत. परिषद गेली तरी समारंभापुरती, म्हणजे कारभाराचे अधिकार नसलेली, काउंटी ठेवता येते. १९७४ मध्ये तेवढंही राहिलं नव्हतं. पण शाळांचा खर्च, खेड्यांतल्या बसगाड्या आणि तळ्याकाठच्या बांधकामांच्या परवानग्या कुठल्या शहरात बसून ठरणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.