ग्राहींवर काम करणारी औषधे आणि चेतापारेषकांचे स्रवण

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन, ग्लुटामेट, गाबा अशा रसायनांमार्फत. ही चेतापारेषके चेतातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पुटिकांत (पिशव्यांत) साठवलेली असतात. विद्युत आवेग टोकापर्यंत पोचला की कॅल्शियम आत शिरते आणि पुटिका आपला साठा सिनॅप्सच्या (दोन चेतापेशींमधील जोडाच्या) फटीत रिता करतात. किती साठा रिता व्हावा यावर त्याच टोकावरचे काही ग्राही, म्हणजे रसायन येऊन बसले की पेशीला निरोप देणारी प्रथिने, नियंत्रण ठेवतात. अनेक औषधे नेमकी तेथेच काम करतात.

यांतले स्वग्राही, म्हणजे पेशीने स्वतःच सोडलेले चेतापारेषक ओळखणारे ग्राही, समजून घेण्याजोगे आहेत. फटीत नॉरॲड्रेनलिन साचले की ते सोडणाऱ्या टोकावरच्याच अल्फा-२ ग्राहीवर जाऊन बसते. ग्राहीशी जोडलेल्या जी-प्रथिनाचा (पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनाचा) बीटा-गॅमा भाग सुटा होऊन कॅल्शियमच्या वाटा आवळतो आणि पुढचे स्रवण घटते. कॅल्शियम जरासे कमी झाले तरी स्रवण पुष्कळच खाली येते. बेडकाच्या चेता-स्नायू संधीवर हे नाते सुमारे चौथ्या घाताचे असल्याचे डॉज आणि रहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये दाखवले. म्हणून रक्तदाबावरचे औषध क्लोनिडिन हे अल्फा-२ ग्राहीचे उद्दीपक (त्याला चालना देणारे) असूनही नॉरॲड्रेनलिन कमी करते, तर योहिंबिन हे द्रव्य त्याच ग्राहीचे रोधक (त्याला अडवणारे) असून नॉरॲड्रेनलिन वाढवते. क्लोनिडिन एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळतो तो याच कारणाने: दाबून धरलेले स्रवण अचानक मोकळे होते.

मात्रेनेही परिणामाची दिशा फिरते. डोपामिनच्या ग्राहींना चालना देणारे ॲपोमॉर्फिन अगदी थोडे दिले तर उंदीर मंदावतात, जास्त दिले तर सैरावैरा धावू लागतात. डोपामिनचे स्वग्राही पलीकडच्या पेशीवरील ग्राहींपेक्षा अधिक संवेदनशील असल्याने अल्प मात्रा आधी त्यांनाच गाठते, असा याचा रूढ अर्थ लावला जातो.

फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरील औषध मुख्यतः सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण (सोडणाऱ्या पेशीने ते परत शोषून घेणे) रोखते, तरीही स्वग्राही आड येतातच. वाढलेले सेरोटोनिन मस्तिष्कस्तंभातील राफे केंद्रकांच्या पेशींवरील ५-एचटी१ए स्वग्राहींना चेतवते आणि त्या पेशींचे आवेग मंदावतात. काही आठवड्यांत हे ग्राही बोथट होतात. नैराश्यावरील औषधांचा गुण उशिरा येण्याचे हे एक कारण मानतात; एकमेव नव्हे.

परक्या पारेषकासाठीचे ग्राहीही टोकांवर असतात. गांजातील टीएचसी सीबी१ ग्राहींमार्फत गाबा व ग्लुटामेट दोन्हींचे स्रवण घटवते. निकोटिन उलट डोपामिनच्या टोकांवरील आयनमार्ग थेट उघडून स्रवण वाढवते. कॅफीन ॲडेनोसिन या रसायनाचा ए१ ग्राही अडवते, त्यामुळे ॲडेनोसिनने स्रवणाला लावलेला ब्रेक सैल पडतो.

मॉर्फिनचा रस्ता आडवळणाचा आहे. मध्यमस्तिष्कात ते डोपामिन पेशींना थेट चेतवत नाही. त्यांना दाबून ठेवणाऱ्या गाबा पेशींवरील म्यू ग्राहींना (मॉर्फिनसारखी द्रव्ये जेथे बसतात त्यांना) उद्दीपित करून त्या पेशींनाच गप्प करते, आणि डोपामिन वाढते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत मात्र तेच म्यू ग्राही वेदनातंतूंच्या टोकांवर असतात. तेथे ते ग्लुटामेट आणि वेदनेचा निरोप नेणारे सबस्टन्स-पी यांचे स्रवण रोखून वेदना शमवतात.