दुखतो गुडघा, पट्टी दंडाला

मावशीचा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो, तर तिच्या दंडावर कातडीच्या रंगाची एक छोटी चौकोनी चिकटपट्टी, वर पेनाने तारीख लिहिलेली. "दुखतंय इथं आणि चिकटवलंय तिथं! यांना कुणीतरी सांग रे." बेलाडोना प्लास्टर कमरेलाच लावायचं असतं हे आयुष्यभर पाहिलेल्या बाईचा प्रश्न रास्तच होता.

पण ही पट्टी दुखऱ्या जागेसाठी नसतेच. तिच्यातलं ब्युप्रेनॉर्फिन कातडीतून रक्तात उतरतं आणि मेंदू-मज्जारज्जूतल्या वेदनेच्या वाटा अडवतं. त्यामुळे ती दंड, छाती किंवा पाठ अशा सपाट, कोरड्या जागी लावतात. हे औषध अफूच्या बोंडातल्या थेबेनपासून बनतं, म्हणजे मॉर्फिनच्याच गोतावळ्यातलं.

कातडीचा सर्वांत वरचा, मेलेल्या पेशींचा थर मोठा कडक पहारेकरी. मॉर्फिनला तो सहसा आत घेत नाही. फेंटानिल (हेही अफूवर्गीय, फार जोरदार वेदनाशामक) आणि ब्युप्रेनॉर्फिन मात्र चरबीत सहज विरघळतात, रेणूही फार मोठे नाहीत, आणि अगदी थोड्या मात्रेत काम करतात. तासाला 10 मायक्रोग्रॅम सोडणारी ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी सात दिवस ठेवतात. हिशेब केला तर आठवड्याचं औषध 1.68 मिलिग्रॅम भरतं. पट्टीत मात्र 10 मिलिग्रॅम असतं! आतलं औषध बाहेर ढकलायला हा भरपूर साठा लागतो. म्हणून उतरवलेली पट्टी 'संपलेली' नसते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. वापरलेल्या फेंटानिल पट्ट्या अंगाला चिकटून किंवा तोंडात जाऊन मुलं दगावली आहेत.

खरी अडचण वेगाची आहे. ऑपरेशननंतरचं दुखणं पहिल्या दिवशी उसळतं, मग झपाट्याने ओसरतं. पट्टीची चाल बैलगाडीची. औषध आधी कातडीखाली साचतं, मग सावकाश रक्तात जातं. ब्युप्रेनॉर्फिनची पातळी स्थिरावायला तीन दिवस लागू शकतात, आणि पट्टी काढल्यावर ती निम्म्यावर यायला साधारण 12 तास. दुखणं कमी झालं तरी औषध चालूच. त्यात औषधाने श्वास मंदावला, तर पट्टी ओढून काढल्याने लगेच काही होत नाही.

म्हणूनच 72 तासांच्या फेंटानिल पट्टीवर ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी स्पष्ट मनाई आहे. ती कॅन्सरसारख्या दीर्घ दुखण्यात, अफूवर्गीय औषधांची सवय झालेल्या शरीरासाठी. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टीही मुळात दीर्घ दुखण्यासाठीच. तरी आपल्याकडे काही भूलतज्ज्ञ हाडांच्या ऑपरेशनांत ती कमी मात्रेत, बहुधा आधीच लावून ठेवतात. त्यावर भारतात अभ्यासही झालेत. मला विचाराल तर निवडक रुग्णांत, श्वासावर नजर ठेवूनच ती ठीक. पहिल्या दिवसाची भिस्त नसेचा ब्लॉक (नसेजवळ दिलेलं बधिरीचं इंजेक्शन), पॅरासिटामॉल आणि गरजेपुरत्या इंजेक्शनांवरच असावी.

पट्टीला वेग देण्याचा एक प्रयत्नही झाला. रुग्णाने बटण दाबलं की सौम्य विद्युतप्रवाह 10 मिनिटांत 40 मायक्रोग्रॅम फेंटानिल कातडीत ढकलायचा. कल्पना देखणी होती. 2006 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, 2008 मध्ये युरोपात आतले भाग गंजल्याचं आढळून माघार झाली, 2015 मध्ये सुधारून परत आली आणि दोन-तीन वर्षांत बाजारातून पुन्हा गेली.

मावशीचा खांदाही आखडला होता. तिने घरून आणलेली गरम पाण्याची पिशवी नेमकी त्याच दंडावर टेकवली, आणि सिस्टर धावत आल्या. उष्णतेने कातडीतला रक्तपुरवठा वाढतो, औषध जास्त वेगाने आत जातं. अंगात 40 अंश ताप असला तर फेंटानिलची पातळी सुमारे एक तृतीयांशाने चढू शकते, असा अंदाज आहे. शेक, गरम पाण्याची अंघोळ, उन्हात बसणं, सगळं पट्टी असेपर्यंत बंद. "मग शेक नाही तर काय घ्यायचं?" मावशीने विचारलं. सिस्टरनी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि पट्टीची कडा सुटली नाही ना, ते बोटाने दाबून पाहिलं.