पाढ्यांच्या पोटातला गुणाकार

तिसरी-चौथीतल्या मुलाला ‘सात आठे किती?’ असं अचानक विचारलं आणि उत्तर चुकलं, तर ते कसं चुकतं हे बघण्यासारखं असतं. मूल चोपन्न म्हणतं, अठ्ठेचाळीस म्हणतं, कधी त्रेसष्ट म्हणतं. त्रेपन्न किंवा एकोणसाठ क्वचितच म्हणतं. चोपन्न म्हणजे सहा नवे, अठ्ठेचाळीस म्हणजे सहा आठे, त्रेसष्ट म्हणजे सात नवे. म्हणजे चुकीचं उत्तरसुद्धा पाढ्यातलंच असतं, फक्त शेजारच्या घरातलं. मोठ्या माणसांना घाईत विचारलं तरी चुकांचा हाच नमुना दिसतो, आणि मानसशास्त्रज्ञांनी तो प्रयोगांतून वारंवार तपासला आहे.

पाढे आपल्या डोक्यात सुट्या चिठ्ठ्यांसारखे नसतात, एकमेकांत गुंतलेले असतात. सातला हात लावला की सातचा अख्खा पाढा जागा होतो, आठला लावला की आठचा, आणि त्या गर्दीतून छप्पन्नला पुढे यावं लागतं. बेचा पाढा लहान आणि पाचच्या पाढ्याची शेवटं ठरलेली, म्हणून ते सोपे जातात. सहा ते नऊ या पट्ट्यात मात्र तेच ते आकडे फिरून येतात आणि गोंधळ तिथेच होतो. त्यामुळे सात आठेला अडखळणारं मूल अभ्यास करत नाही, असा निष्कर्ष काढू नये. ज्या जागी सगळ्यांचाच पाय घसरतो, तिथे त्याचाही घसरलेला असतो.

पाढे मेंदूत नेमके कसे राहतात, याचा एक विलक्षण पुरावा १९९७ साली स्तानिस्लास देहाएन आणि लोरां कोएन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांच्यापुढे मेंदूला इजा झालेले दोन रुग्ण होते. एकाचे पाढे पुसले गेले होते, तोंडपाठ असलेल्या इतर गोष्टीही गेल्या होत्या, पण संख्यांची जाण बऱ्यापैकी शाबूत होती. दुसऱ्याचं बरोबर उलटं. पाठ केलेलं शिल्लक होतं, पण वजाबाकीत तो अडखळे आणि दोन संख्यांच्या मधोमध कोणती संख्या येते हेही त्याला नीट सांगता येत नसे. म्हणजे ‘सात आठे छप्पन्न’ हे वाक्य आणि छप्पन्न म्हणजे केवढे ही समज, या मेंदूतल्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

मराठी घरांना यातली पहिली वाट फार चांगली माहीत आहे. दिवेलागणीला परवचा म्हणायचा, त्यात पाढे यायचेच. आणि नुसते बे ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा. शेर-मण आणि रुपये-आणे यांच्या हिशेबात ती रोज लागत असे. पुण्यात आजही जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी झुंबड उडते, तेव्हा वह्या-पुस्तकांच्या ढिगात अंकलिपी आणि उजळणी मिळतेच. ‘घोकंपट्टी’ म्हणून याला नाक मुरडणं मला पटत नाही. लय असलेलं वाक्य टिकतं, आणि पाढा तयार असला की मोठ्या गुणाकारात डोकं पुढच्या पायरीकडे देता येतं. फक्त नुसतं वाचत बसण्यापेक्षा स्वतःला मधूनमधून, उलटसुलट विचारलं तर ते जास्त पक्कं होतं. आठवायला लागलेला जोर हाच खरा सराव. वर्गात उभं करून घड्याळ लावून पाढे म्हणायला लावणं मात्र थांबायला हवं. भीती वाटत असताना मनात चार गोष्टी एका वेळी धरून ठेवायची जी जागा असते, तीच भीतीने भरून जाते. मग येत असलेलंही येत नाही.

दुसऱ्या वाटेसाठी घरातला खराटा पुरतो. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कित्येक वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. खराट्याच्या काड्यांचे पाढे त्यांनी खूप मुलांपर्यंत पोचवले. तीन काड्या आडव्या मांडायच्या, त्यांवर चार उभ्या. काडीवर काडी जिथे जिथे पडते ते ठिपके मोजायचे. बारा. पाढा माहीत नसलेलं मूलही स्वतः मोजून हे उत्तर काढतं, कुणी सांगितलं म्हणून मान डोलावत नाही. आता उभ्या काड्या एकेक करून उचलायच्या. शेवटची उचलली की आडव्या तीन तशाच पडून राहतात, पण ठिपका एकही उरत नाही. तीन गुणिले शून्य बरोबर शून्य हे असं डोळ्यांनी दिसतं. ‘शून्याने गुणलं की शून्य’ हा नियम पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग चारही उभ्या काड्या पुन्हा ठेवायच्या, आणि मुलाने उठून या जाळीच्या लगतच्या बाजूला जाऊन बसायचं. तीन चोक बारा होते ते आता चार त्रिक बारा झाले, काडी एकही हलवलेली नाही. एवढ्या एका गोष्टीने पाढ्यांचं ओझं किती उतरतं ते पाहा. एक ते दहापर्यंतच्या पाढ्यांची शंभर घरं असतात. उलटसुलट जोड्या एकच धरल्या की पंचावन्न राहतात. एकचा, बेचा, पाचचा आणि दहाचा पाढा मुलाला बहुतेक येतच असतो, तो वगळला तर शिकायची घरं फक्त २१. शंभरला घाबरलेल्या मुलाला ही २१ घरं कागदावर मांडून दाखवावीत.

गुणाकाराचं खरं मर्म मात्र जाळी मोडण्यात आहे. सात आडव्या, आठ उभ्या काड्या मांडल्या. उभ्या आठपैकी तीन थोड्या बाजूला सरकवल्या की दोन जाळ्या होतात: ७ × ५ आणि ७ × ३. पस्तीस आणि एकवीस. मिळून छप्पन्न. ठिपके तेवढेच राहिले, फक्त सोयीच्या ठिकाणी तुकडा पाडला. ज्या मुलाला हे जमलं, त्याला सात आठे विसरण्याची धास्ती राहत नाही. विसरलं तर ते पुन्हा काढता येतं.

ही युक्ती आजची नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १९३७ मध्ये ती टीकांसह छापली, आणि ही संस्था त्याच अप्पा बळवंत चौकापासून दोन पावलांवर आहे. त्यात गुणाकाराचं उदाहरण आहे १३५ गुणिले १२. भास्कराचार्य एक रीत सांगून थांबत नाहीत. बाराचे ८ आणि ४ असे तुकडे करा: १०८० आणि ५४०, मिळून १६२०. किंवा आधी ४ ने गुणा, मग ३ ने. किंवा एकक-दशक वेगळे धरा. किंवा बाराऐवजी १० ने गुणून दुप्पट मिळवा. नाहीतर २० ने गुणून २७०० काढा आणि आठपट, म्हणजे १०८०, वजा करा. उत्तर दर वेळी १६२०. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा शिक्षक विद्यार्थ्याला वाट निवडायला सांगतो, आणि आपण अजून ‘पुस्तकातल्याच रीतीने कर’ म्हणून गुण कापतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाळेतली उभी मांडणीही हाच तोडफोडीचा खेळ आहे. २३ × १४ करताना दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात शून्य किंवा फुली का मांडायची? कारण ती ओळ एकने नव्हे, दहाने गुणून आलेली असते. २३ आडवे आणि १४ उभे अशी जाळी मांडून दोन्हीकडे दशक-एकक वेगळे केले की चार तुकडे पडतात: २००, ८०, ३० आणि १२. बेरीज ३२२. हातच्याची सगळी गडबड या चार तुकड्यांत निस्तरते.

चार तुकडे म्हणजे चार गुणाकार. थोर रशियन गणिती कोल्मोगोरोव यांचा अंदाज होता की संख्या मोठी झाली की गुणाकाराचं काम तिच्यात जितके अंक, त्या आकड्याच्या वर्गाच्या पटीत वाढणारच, त्यातून सुटका नाही. १९६० मध्ये मॉस्कोत त्यांनी हे बोलून दाखवलं आणि आठवड्याभरात अनातोली कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने ते खोटं पाडलं. त्याची रीत आपल्याच उदाहरणावर बघू. २ × १ = २. ३ × ४ = १२. मग (२ + ३) × (१ + ४) = २५. पंचवीसमधून २ आणि १२ वजा केले की उरले ११, म्हणजे मधल्या दोन तुकड्यांचे अकरा दशक, ८० + ३०. म्हणून २०० + ११० + १२ = ३२२. चारऐवजी तीनच गुणाकार. दोन अंकी संख्येत याचा काही लाभ नाही, पण हजारो अंकांच्या संख्येचे पुन्हा पुन्हा दोन भाग करत गेलं की संगणकाचं प्रचंड काम वाचतं. पुढे आणखी वेगवान रीती निघाल्या, आणि २०१९ मध्ये डेव्हिड हार्वे आणि योरिस व्हॅन डर हूवन यांनी आतापर्यंतची सिद्धान्तात सगळ्यांत जलद रीत मांडली. तिसरीतल्या गणिताचा शोध अजून चालू आहे, हे मुलांना आवर्जून सांगावं.

गुणाकार म्हणजे ‘पुन्हा पुन्हा बेरीज’ ही व्याख्या सुरुवातीला चालते, पण अपूर्णांकापाशी ती तोकडी पडते. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे अर्ध्याची अर्धा वेळा बेरीज, याला काही अर्थ लागत नाही. ‘गुणलं की वाढतं’ असं मनात धरून बसलेल्या मुलाला पाव हे उत्तर चुकीचंच वाटतं. इथे कागद घ्यावा, एकदा आडवा दुमडावा, एकदा उभा, आणि एका कोपऱ्यातला भाग रंगवून उलगडावा. पूर्ण कागदाचा पाव भाग रंगलेला असतो. काड्यांची जाळी होती तिथे आता क्षेत्रफळ आलं, एवढाच फरक.

आणि ऋण संख्या? तीन जणांचं प्रत्येकी ४ रुपये देणं म्हणजे १२ रुपयांचं देणं, हे समजतं. पण (-३) × (-४) = १२ का, हे कुठल्याही देण्याघेण्यातून नीट पटत नाही. ते तुकड्यांतूनच पटतं. ४ आणि -४ यांची बेरीज शून्य, म्हणून त्या बेरजेला -३ ने गुणलं तरी शून्यच यायला हवं. आता तुकडे पाडा: (-३) × ४ चे -१२ झाले. सगळं मिळून शून्य यायचं, तर उरलेल्या (-३) × (-४) ला १२ होण्यावाचून गत्यंतर नाही.