चक्रीवादळ सरले, उकाडा का वाढला?

मे महिन्यात अरबी समुद्रातले चक्रीवादळ कोकण किनाऱ्याच्या बाजूने गुजरातकडे सरकू लागले, की खानदेशातही ढग दाटतात आणि एखादी जोरदार सर येऊन जाते. मग आभाळ उघडते आणि असा उकाडा सुरू होतो, की आधीचे ४३ अंशांचे कोरडे ऊन परवडले असे वाटावे. तापमापक मात्र ३५ अंशच दाखवत असतो.

याचे पहिले कारण वाऱ्याची दिशा. उत्तर गोलार्धात वादळाभोवतीचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. १७ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ वादळ दीव-उनाजवळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढले. वादळाचे केंद्र असे वायव्येला गेले, की त्याच्या आग्नेयेला असलेल्या तापीच्या खोऱ्यात वारे नैर्ऋत्येकडून, म्हणजे थेट समुद्रावरून येऊ लागतात आणि भरपूर बाष्प आणतात.

दुसरे कारण पायाखालीच असते. मे महिन्यात भेगाळलेली काळी जमीन सरीचे पाणी पोटात घेते. २६ मेच्या सुमारास जळगावात सूर्य भर दुपारी जवळजवळ माथ्यावर असतो. ढग हटताच त्या प्रखर उन्हात हे पाणी वाफ होऊन हवेत मिसळते, आणि रावेर-यावलच्या केळीबागा आपल्या रुंद पानांतून त्यात भर घालतात. त्यातच वारा पडला, तर सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांमधल्या या खोऱ्यातून बाष्प लवकर हटत नाही.

आभाळ उघडण्यातही कधीकधी वादळाचाच हात असतो. वादळाच्या गाभ्यात वर चढलेली हवा उंचावर चहूकडे पसरते आणि भोवतालच्या प्रदेशात खाली उतरते. उतरताना दाबली गेल्याने ती दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते आणि ढग विरून जातात.

आता अंगाला काय जाणवते ते पाहू. घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना शरीराची सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो वाळण्याऐवजी निथळत राहतो. हाच नियम खानदेशातल्या घरोघरच्या कूलरलाही लागू आहे. हवा ४३ अंशांची पण आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंशांपर्यंत उतरतो. ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत मात्र तो २८ च्या आसपास थांबतो. कूलरची हवा यापेक्षा थंड होऊच शकत नाही. म्हणून साधा तापमापक आठ अंश कमी दाखवत असतानाही कूलरचा वारा आधीपेक्षा सहा अंशांनी गरम लागतो, आणि खिडक्या बंद असतील तर खोलीत ओल साठून उकाडा आणखी वाढतो. अशा दिवसांत कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवणे आणि खिडक्या उघड्या ठेवणे अधिक शहाणपणाचे.

रात्रीही सुटका नसते, कारण बाष्प जमिनीतून निघणारी उष्णता शोषून त्यातला मोठा भाग पुन्हा खाली पाठवते. वायव्येकडचे कोरडे वारे परत वाहू लागले, तर जमीन सुकून दोन-चार दिवसांत ही घुसमट ओसरते. ते न आल्यास मात्र मोसमी पावसाचीच वाट पाहावी लागते.