मद्य, फोलेट आणि जांभळी नाक्यावरची मेथी

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून मेथी घेऊन परतताना मी एका औषधांच्या दुकानात थांबले, तेव्हा एक तरुणी मल्टिव्हिटॅमिनच्या दोन बाटल्या पुढ्यात ठेवून त्यांच्यावरची बारीक अक्षरे वाचत होती. "शनिवारी मैत्रिणींबरोबर थोडी होते, म्हणून विचारते, यातली कुठली घेऊ?" असे तिने दबक्या आवाजात विचारले आणि दुकानदाराने महागातली बाटली पुढे सरकवली. तिचा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र त्या बाटलीत पूर्ण मावणारे नाही.

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे पुरुषापेक्षा कमी असल्यामुळे तेवढेच मद्य तिच्या रक्तात अधिक तीव्रतेने उतरते. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटर बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या चार पेगांइतके असते. त्या अल्कोहोलमधून 290 च्या आसपास कॅलरी मिळतात, पण पोषण जवळजवळ काहीच मिळत नाही.

सर्वांत आधी लक्ष द्यावे ते फोलेट या 'ब' गटातल्या जीवनसत्त्वाकडे. मद्यामुळे ते आतड्यात कमी शोषले जाते, यकृतात नीट साठत नाही आणि लघवीवाटे अधिक बाहेर पडते. नव्या पेशी आणि तांबड्या रक्तपेशी तयार होण्यासाठी तर ते लागतेच. या जीवनसत्त्वाचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, हे सांगताना मला नेहमीच आनंद होतो. 1928 मध्ये लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर इथे आली, गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग यांत फोलेट भरपूर असते; पण ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. म्हणून भाजी चिरण्याआधी धुवावी, झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी ओतून देऊ नये.

नियमित आणि जास्त पिणाऱ्यांत बी-1, म्हणजे थायमिनही घटते. शरीरातला त्याचा साठा जेमतेम काही आठवडे पुरतो. त्याची तीव्र कमतरता मेंदूला इजा करते आणि तेव्हा डॉक्टरांना ते इंजेक्शनने द्यावे लागते. याउलट 'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मद्याबरोबर यकृताला अधिकच घातक ठरतात, त्यामुळे त्या मनाने घेऊ नयेत.

स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या मद्यानेही वाढतो आणि तो पुसून टाकणारी गोळी नाही. मूल हवे असेल, तर गर्भधारणेच्या आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचेच गोळीतले रूप, घ्यावे आणि मद्य पूर्ण थांबवावे, कारण जी नीट मिटायला फोलेट लागते ती गर्भाच्या मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांतच मिटते आणि तोवर अनेक स्त्रियांना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते. मात्र जी रोज भरपूर पिते, तिने ते एकदम न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात.