सौरघटांची उतरंड

मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या सौर पॅनेलला हात लावला तर चटका बसतो. विदर्भातल्या उन्हात त्याचे तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जाते. कारखान्यात २५ अंशांना मोजलेली त्याची शक्ती दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरत असल्यामुळे, ऊन सर्वांत कडक असते नेमके तेव्हाच ते आपल्या क्षमतेपेक्षा १२ ते १६ टक्के कमी वीज देते. पण हा चटका नुसता उन्हाचा नाही. विजेत रूपांतर होऊ शकले असते अशी पुष्कळ ऊर्जा खुद्द पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या आत उष्णता होऊन बसते, आणि तिचाही त्यात मोठा वाटा असतो.

सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन बांधलेल्या अवस्थेतून मोकळा करायला १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा लागते. या उंबरठ्याला ‘बँड गॅप’ म्हणतात. सुमारे ११०० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीच्या अवरक्त किरणांतील फोटॉनांकडे, म्हणजे प्रकाशाच्या कणांकडे, एवढी ऊर्जा नसते, त्यामुळे ते सिलिकॉनच्या उपयोगाचे नाहीत. सूर्यप्रकाशातील ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा असा हातचा जातो. ज्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त ऊर्जा असते त्यांची गत निराळी. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचा फोटॉन २.२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन येतो, त्यातले १.१२ कामी लागतात आणि उरलेला निम्मा भाग सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात स्फटिकाच्या कंपनांत विरून जातो. दहाच्या तिकिटाला वीसची नोट द्यावी आणि वाहकाने सुटे परत तर देऊ नयेतच, पण तिकिटामागे लिहूनही देऊ नये, असा हा व्यवहार आहे. निळ्या प्रकाशाचे नुकसान याहून मोठे. सगळे मिळून सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग या न मिळालेल्या सुट्यांत जातो.

उंबरठा खाली आणला तर जास्त फोटॉन कामी येतात, पण मिळणारा व्होल्टेज घटतो. वर नेला तर व्होल्टेज वाढतो, पण फोटॉन कमी पडतात. या ओढाताणीचा हिशेब विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ साली मांडला. त्यानुसार एकाच उंबरठ्याचा कोणताही सौरघट (सोलर सेल) साध्या सूर्यप्रकाशात सुमारे ३३.७ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. सिलिकॉनची स्वतःची मर्यादा २९.४ टक्के मानतात, आणि प्रयोगशाळेतले सिलिकॉन आज २७ टक्क्यांच्या पुढे पोहोचलेले आहे. सत्तर वर्षांच्या मेहनतीनंतर या एका पदार्थात आता पिळून काढण्यासारखे फारसे उरलेले नाही.

यावरचा उपाय म्हणजे घटांची उतरंड. घरच्या उतरंडीत मोठे मडके तळाशी असते. इथे उलट, ज्याचा उंबरठा सर्वांत उंच तो घट सर्वांत वर. तो निळे-हिरवे फोटॉन स्वतःकडे ठेवतो, त्यांचे पुरेपूर मोल घेतो आणि लाल व अवरक्त प्रकाश खालच्या घटाकडे जाऊ देतो. कल्पना नवी नाही. उपग्रहांवर इंडियम गॅलियम फॉस्फाइड, गॅलियम आर्सेनाइड आणि जर्मेनियम यांचे तीन मजली घट अनेक वर्षे वापरात आहेत, आणि अशाच अनेक मजली घटांनी एकवटलेल्या प्रकाशात ४७ टक्क्यांचा टप्पाही ओलांडला आहे. पण हे स्फटिक थरावर थर असे अतिशय सावकाश वाढवावे लागतात, आणि तो खर्च गच्चीला परवडणारा नाही.

म्हणून सगळ्यांचे लक्ष पेरोव्हस्काइटकडे वळले. मूळ पेरोव्हस्काइट हे १८३९ साली उरल पर्वतात सापडलेले कॅल्शियम टायटेनेटचे खनिज. सौरघटात वापरतात ते त्याच रचनेचे, पण शिसे, आयोडीन, ब्रोमीन आणि एखादा सेंद्रिय किंवा सीझियमचा आयन यांचे संयुग असते. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये ते प्रथम घटात वापरले तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आणि घटातल्या द्रवात ते संयुग थोड्याच वेळात विरघळून जाई. आज त्याच कुळातले एकेरी घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. त्याचे दोन गुण उतरंडीला फार सोयीचे ठरतात. एक म्हणजे ते प्रकाश इतक्या जोमाने शोषते की अर्ध्या ते एका मायक्रोमीटरचा थर पुरतो, जिथे सिलिकॉनची चकती साधारण दीडशे मायक्रोमीटर जाडीची असते. दुसरे, आयोडीनच्या जागी थोडे ब्रोमीन घातले की उंबरठा वर सरकतो, आणि सिलिकॉनवर ठेवण्यासाठी लागणारा १.६८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा आकडा हवा तसा साधता येतो.

फायदा आकड्यांत पाहावा. सिलिकॉनचा एकटा उत्तम घट दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह आणि सुमारे ०.७४ व्होल्ट देतो. उतरंडीत हा प्रवाह दोघांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी सुमारे २० मिलिअँपिअर. पण व्होल्टेजची बेरीज होऊन तो १.९५ च्या घरात जातो. प्रवाह आणि व्होल्टेज यांच्या गुणाकारातून प्रत्यक्षात जेमतेम ८० टक्के हाती लागते असे धरले, तरी १०० मिलिवॅट प्रकाशातून ३१ मिलिवॅट वीज मिळते. चीनमधल्या लाँगी कंपनीने २०२५ मध्ये ३४.८५ टक्क्यांचा विक्रम नोंदवला. मात्र असे विक्रम नखाएवढ्या, एका चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर होत असतात, आणि गच्चीवरच्या पॅनेलशी त्यांची थेट तुलना करू नये, असे मला वाटते.

खरी परीक्षा थरांपेक्षा थरांमधल्या सांध्यांची असते. दोन घट एकाच माळेत असल्यामुळे ज्याचा प्रवाह कमी त्याच्याच चालीने दोघांना चालावे लागते. वरचा थर थोडा जाड झाला की खालचा उपाशी राहतो, पातळ झाला तर वरचाच मागे पडतो. दोघांच्या मध्ये एका घटातून येणारे इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्यातून येणाऱ्या, इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या रिक्त जागा एकमेकांना भेटून नाहीशा होतील असा, काही नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक वाहक थर लागतो. शिवाय प्रकाश परत फिरू नये म्हणून सिलिकॉनच्या पृष्ठभागावर काही मायक्रोमीटर उंचीचे पिरॅमिड कोरलेले असतात. त्यावर पेरोव्हस्काइटचे द्रावण पसरले की ते खोबणींत साचते आणि शिखरे उघडी राहतात. डोंगरावर पाणी ओतून एकसारखा थर मिळत नाही, तसेच हे. यासाठी कुणी पिरॅमिड बुटके करतात, कुणी द्रावणाऐवजी बाष्पाने थर चढवतात.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून अवघड आहे. सिलिकॉनच्या पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइटला दमट हवा सोसत नाही, आणि त्यातले आयन उन्हात जागा सोडून फिरू लागतात. आयोडीन आणि ब्रोमीन वेगवेगळे गोळा झाले की काळजीपूर्वक साधलेला उंबरठाच ठिकठिकाणी ढळतो. कोकणातल्या पावसाळ्याचा विचार केला तर काचेच्या कडांचे सीलबंदीकरण हा दुय्यम विषय राहत नाही. शिशाचे प्रमाण दर चौरस मीटरला ग्रॅमभराच्या आसपासच असले तरी ते पाण्यात उतरू शकणाऱ्या रूपात असते, तेव्हा फुटलेल्या पॅनेलचीही सोय आधीच लावावी लागते. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये ग्राहकाला पाठवलेल्या पहिल्या पॅनेलांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती.

पवईच्या आयआयटीत दिनेश काब्रा यांच्या गटाने वेगळी वाट धरली आहे. त्यांच्या सुमारे ३० टक्के कार्यक्षमतेच्या रचनेत पेरोव्हस्काइटचा अर्धपारदर्शक घट सिलिकॉनवर ठेवलेला असतो, पण दोघांच्या तारा स्वतंत्र असतात. त्यामुळे प्रवाह जुळवण्याची कटकट राहत नाही, आणि वरचा थर काही वर्षांत थकला तरी खालचे सिलिकॉन आपल्या चालीने वीज देत राहते. मोबदल्यात पारदर्शक वाहक थर आणि जोडण्या जास्त लागतात, आणि अशा प्रत्येक जादा थरात थोडा प्रकाश मुरतोच.